हायपोथायरॉइड : गोळी न घेता नैसर्गिक उपायांनी कोणाला फरक पडलाय का?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय ४१. वर्षभरात वजन सात किलोंनी वाढलं. न्हाणीघराच्या जाळीतून रोज केसांचा बोळा काढते. सगळे पंखा लावून बसतात तेव्हा मी पायात मोजे घालून. तीन महिन्यांपूर्वी तपासणी केली तर टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला जाणारा हुकूम, ग्रंथी मंदावली की हा वाढतो) ११.२, फ्री टी-४ (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन, म्हणजेच थायरॉक्सिन) नॉर्मलमध्ये पण अगदी कडेला. डॉक्टरांनी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम लिहून दिलं, "ही आता रोज, कायम" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तो "कायम" काही माझ्या घशाखाली उतरला नाही. गोळ्या आणल्या, पण पाकीट फोडलंच नाही.

त्याऐवजी अश्वगंधा चूर्ण, केल्प (समुद्री शेवाळ) च्या गोळ्या आणि सकाळी धण्याचं पाणी असं सुरू केलं. अडीच महिने नेमाने. परवा टीएसएच आलं १.९! घरात माझा भाव एकदम वधारला. फक्त एकच गोम आहे. मला स्वतःला काडीचा फरक वाटत नाहीये. उलट थंडी जास्तच वाजते आणि दुपारी तीननंतर डोळे उघडे ठेवता येत नाहीत.

तर हेच पुढे चालू ठेवू का? अंगाला फरक जाणवायला वेळ लागतो का? आणि अजून कोणते उपाय लागू पडलेत ते सांगा.

निवांत_नाना
अभिनंदन! अश्वगंधेला माझंही अनुमोदन. माझं टीएसएच ५.६ होतं, दोन महिन्यांत ३.८ झालं, एकही गोळी न घेता. अंगाला जाणवायला वेळ लागतोच, धीर धरा.

ऊनसावली
सर्वांगासन आणि उज्जायी करून बघा. मी चार वर्षं करतेय, झोप सुधारली, पोट साफ राहतं. गोळी मात्र चालू आहे, ती सोडलेली नाही, हे आधीच सांगते, नाहीतर इथे लोक अंगावर येतात.

शंकासूर
येतो तर अंगावर :) पण तुमच्या नाही, नानांच्या.

नाना, ५.६ चं ३.८ होण्यात अश्वगंधेचा हात किती आणि नुसत्या दिवसांचा किती, हे कसं ठरवलंत? टीएसएच थोडंसं वाढलेलं आणि टी-४ व्यवस्थित, अशा मंडळींत बऱ्याच जणांचं काही महिन्यांनी आपोआप खाली येतं. म्हणून तर अशा वेळी शहाणा डॉक्टर लगेच गोळी लिहीत नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतो. शिवाय टीएसएच दिवसभर सारखं नसतं, रात्री आणि पहाटे वर असतं, दुपारी उतरतं. पहिलं रक्त सकाळी सातला दिलं आणि दुसरं दुपारी दोनला, तरी एवढा फरक कधी कधी नुसत्या घड्याळानेच पडतो.

अश्वगंधेवर अभ्यास झालाय, नाही असं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, रोज ६०० मिलिग्रॅम अर्क, आठ आठवडे. आकडे सुधारले. पण माणसं किती? सगळी मिळून ५०. त्या जोरावर कुणाला गोळी सोडायला सांगायचं म्हणजे कठीण आहे.

निवांत_नाना
रक्त कितीला दिलं होतं ते खरंच आठवत नाही. पण नैसर्गिक वस्तू आहे, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?

शंकासूर
तिथेच तर घोळ आहे. अश्वगंधा घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, काहींच्या थायरॉइडची गाडी उलट्या दिशेने सुसाट सुटल्याच्याही आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बंदी योग्य की अति, यावर वाद घालता येईल, पण "तोटा नाही" असं छातीठोक म्हणता येत नाही. दिवस गेलेले असताना किंवा तशी शक्यता असताना तर नकोच.

काउंटरपलीकडून
मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

सांजवेळताई, मला अश्वगंधेपेक्षा तुमच्या केल्पची धास्ती वाटते. थायरॉइडला आयोडीन लागतं हे खरं. टी-४ मधला चार म्हणजे आयोडीनचे चार अणू, थायरॉइडचं दुसरं हार्मोन टी-३, त्यात तीन. पण मोठ्या माणसाची दिवसाची गरज १५० मायक्रोग्रॅम, आणि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याची ती बहुतेक भागलेली असते. केल्पच्या गोळीत आयोडीन किती असेल याचा भरवसा नाही, काही गोळ्यांत गरजेच्या कित्येक पट निघतं. आणि आयोडीनचा मारा झाला की ग्रंथी हार्मोन बनवणं थांबवते. हा परिणाम १९४८ पासून माहीत आहे, त्याला वुल्फ-चायकॉफ म्हणतात. निरोगी ग्रंथी थोड्या दिवसांत सावरते. आधीच आजारी असलेली सावरेलच असं नाही. म्हणजे थायरॉइड सुधारावं म्हणून घेतलेली वस्तूच ते आणखी मंद करू शकते.

आता माझा खरा प्रश्न. केस गळतायत म्हणालात. केसांसाठी काही घेता का?

सांजवेळ
हो, केस-नखांच्या कॅप्सूल. बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. चार महिने झाले असतील. ते थायरॉइडसाठी नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

काउंटरपलीकडून
रक्त देण्याआधी शेवटची कॅप्सूल कधी घेतली होती?

सांजवेळ
त्याच दिवशी सकाळी. का हो?

काउंटरपलीकडून
कारण तुमचं १.९ खोटं असू शकतं.

बायोटिनची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. तुमच्या कॅप्सूलमध्ये त्याच्या तीनशेपट आहे. त्याने विषबाधा होत नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. पण टीएसएच मोजायच्या बऱ्याच यंत्रांत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी गोंदासारखी वापरतात. रक्तातलं टीएसएच त्या गोंदाने पकडायचं आणि किती पकडलं गेलं ते मोजायचं. आता रक्तातच बाहेरचं बायोटिन ठासून भरलेलं असेल, तर ते आधीच गोंदाच्या सगळ्या जागा अडवून बसतं. टीएसएच पकडलंच जात नाही, धुऊन जातं, आणि यंत्र म्हणतं "कमी आहे". टी-४ मोजायची रीत उलटी, त्यामुळे तिथे आकडा खोटा चढतो. दोन्ही कागद हातात घेतले की वाटतं, वा, थायरॉइड सुधारलं! अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

सगळ्याच लॅबची यंत्रं या पद्धतीची नसतात, त्यामुळे तुमचा आकडा खराही असेल. पण अंग एक सांगतंय आणि कागद दुसरंच, तेव्हा मी कागदावर शंका घेईन. किमान दोन दिवस बायोटिन बंद हवं, एवढ्या मोठ्या डोसला आठवडाभर ठेवा. मग सकाळी, त्याच लॅबमध्ये, टीएसएच, फ्री टी-४ आणि सोबत अँटी-टीपीओ (स्वतःच्याच थायरॉइडवर उठणाऱ्या अँटीबॉडीज). आणि रक्त घेणाऱ्याला बायोटिनचं सांगा, तो विचारणार नाही.

ऊनसावली
बाप रे. मीही घेते त्या कॅप्सूल. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. बरं झालं हा धागा निघाला.

जुनं_खोड
उशिरा येतोय. एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

आपण "गोळी की नैसर्गिक" असं दोन तट धरून बोलतोय. १८९१ मध्ये जॉर्ज मरे नावाच्या इंग्रज डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका बाईला टोचला. सुजलेली, मंदावलेली ती बाई सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. उपचाराची सुरुवातच अशी नैसर्गिक! मग १९१४ च्या नाताळात केंडॉलने ग्रंथीतून शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज पाकिटात मिळतं ते तेच थायरॉक्सिन, रेणू तोच, जो तुमची ग्रंथी बनवते. शरीराला दोन्हींतला फरक कळत नाही. त्यामुळे ही गोळी दुखणं दाबणारं औषध नव्हे. विहीर आटली म्हणून टँकर मागवलाय, एवढंच.

अवांतर : डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीची "नैसर्गिक" गोळी अजूनही मिळते. तिच्यात टी-३ चं प्रमाण माणसाच्या ग्रंथीच्या मानाने बरंच जास्त असतं, काहींना त्याने धडधड होते. आणि "थायरॉइड सपोर्ट" नावाने मिळणाऱ्या डब्यांबद्दल काय बोलावं. २०१३ च्या एका तपासणीत अशी दहा उत्पादनं घेतली होती, नऊंमध्ये टी-३ निघालं, पाचांत टी-४. म्हणजे वनस्पतीच्या नावाखाली हार्मोनच, फक्त मात्रा न सांगता.

शंकासूर
टँकर आवडला.

कोवळी_पालवी
माझं हाशिमोटो आहे, म्हणजे शरीरच स्वतःच्या थायरॉइडवर हल्ला करतं तो आजार. ग्लुटेन सोडा, कोबी-फ्लॉवर सोडा, सेलेनियम घ्या असे सल्ले मला इतके मिळालेत की जेवायचं काय हेच कळेना. कुणी खरं काय ते सांगेल का?

शंकासूर
कोबी शिजवून, माणसासारखा खाल्ला तर चिंता नको. २०१० मध्ये एका ८८ वर्षांच्या आजींचं प्रकरण छापून आलं होतं, त्या रोज किलो-दीड किलो कच्ची चिनी कोबी खायच्या, कित्येक महिने. त्या कोमात गेल्या. तुम्ही तेवढा खाणार असाल तर वेगळं.

ग्लुटेनचं थोडं खरं आहे. हाशिमोटोवाल्यांत सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडतं तो आजार) इतरांपेक्षा जास्त आढळतो. पण आधी सीलिअॅकची रक्ततपासणी, मग सोडायचं. आधी सोडलं तर तपासणीत काही सापडत नाही. सीलिअॅक नसेल तर सोडून थायरॉइड सुधारतं याला ठोस आधार नाही.

काउंटरपलीकडून
सेलेनियमचं मी सांगतो. टी-४ चं टी-३ करणाऱ्या एन्झाइमला ते लागतं, म्हणून नाव झालं. काही अभ्यासांत अँटीबॉडीज उतरल्या, पण त्याने माणसाला बरं वाटतं किंवा गोळी सुटते असं दिसलेलं नाही. गरज दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम, कमाल मर्यादा ४००. एका ब्राझील नटमध्येच दिवसाची गरज भागण्याइतकं असू शकतं. आणि जास्त झालं की काय होतं माहितीये? केस गळतात. लोक केस गळतात म्हणून डोस वाढवतात.

सगळ्या डब्यांपेक्षा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. अर्धा थकवा तिथला असतो.

ऊनसावली
होमिओपॅथीबद्दल कुणीच बोललं नाही.

शंकासूर
३० सी म्हणजे शंभरात एक असं तीस वेळा पातळ केलेलं. मूळ पदार्थाचा एक रेणूही त्यात उरण्याची शक्यता नाही. ग्रंथीला कमी पडतंय थायरॉक्सिन, आणि आपण देतोय साखर. यावर वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसाद होतील.

कोवळी_पालवी
एक राहिलंच. बाळाचा विचार असेल तर प्रयोग करत बसू नका. पहिले काही महिने गर्भ आईच्याच थायरॉक्सिनवर असतो. मला दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांनी डोस वाढवला होता.

सांजवेळ
मंडळी, रिपोर्ट आला. बायोटिन नऊ दिवस बंद, सकाळी आठला रक्त, तीच लॅब.

टीएसएच १३.६. फ्री टी-४ आता नॉर्मलच्या खाली. अँटी-टीपीओ ६०० च्या वर.

काल रात्री चक्क रडले. आजाराचं नाही हो, त्या १.९ चं. किती जणांना फोन करून सांगितलं होतं!

आज दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी समजावून सांगितलं. हाशिमोटो आहे म्हणाल्या, ५० पासून सुरू करू, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू. केल्प बंद. अश्वगंधाही सध्या बंद, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. धण्याचं पाणी प्यायला हरकत नाही, पण गोळीबरोबर नको.

जुनं_खोड
फोन केले त्यांना हा धागा पाठवा. दोघांतिघांच्या घरी तरी ती कॅप्सूल असेल.

काउंटरपलीकडून
गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही, कॉफीने शोषण कमी होतं. लोह किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास. आठवड्याभरात जादू होणार नाही, थायरॉक्सिन रक्तात मुरायलाच पाच-सहा आठवडे घेतं. केस सगळ्यात शेवटी ऐकतात.

सांजवेळ
पाच आठवडे झाले. मोजे सुटले! दुपारची झोपही गेल्या दहा दिवसांत नाही. वजन ढिम्म. केसांचा बोळा अजून निघतो, पण लहान.

एक शंका. सकाळी गोळी घेऊन तासभर कॉफीच्या डब्याकडे बघत बसणं मला जमत नाही. दोनदा घोट घेऊन मोकळी झाले. रात्री झोपताना घेतली तर चालेल का?

काउंटरपलीकडून
चालते. जेवणानंतर तीन तास गेलेले हवेत आणि मध्ये तोंडात काही टाकायचं नाही. काहींना तर रात्रीची जास्त मानवते. फक्त रोज तीच वेळ ठेवा, आणि डॉक्टरांना कळवा, म्हणजे पुढचा रिपोर्ट बघताना त्यांना माहीत असेल.

सांजवेळ
मग पुढच्या भेटीत विचारूनच बदलते. जेवण साडेसातला, पावणेअकराचा गजर.