लाव्हात पडलेल्या कॅरेक्टरचं काय करायचं?

कंदीपेढा: पुढच्या सेशनला ज्वालामुखी ठेवलाय, पण डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा गेम) पाचव्या आवृत्तीत लाव्हातून चाललं तर 10डी10 (म्हणजे दहा बाजूंच्या 10 फाशांची बेरीज) आणि बुडालं तर 18डी10 डॅमेज, म्हणजे पहिल्या लेव्हलचं पोरगं जागीच खल्लास, जरा हसायला येईल असा रूल सुचवा की भावांनो

हळदवाला_सांगली: आरं बुडतंय कुठं, लाव्हा पाण्याच्या अडीच पट जड, माणूस वरच तरंगणार. माझा रूल असा, काठावर आलं की पहिली दाढीमिशी जळते मग चिलखत तापतं, आणि कुणी उडी मारलीच तर खेळाडूने एका दमात शेवटचं भाषण ठोकायचं, दम संपला की कॅरेक्टर संपलं. आमच्यात तर बार्ड (गाणारं-बोलणारं कॅरेक्टर) घेणाऱ्यांची रांग लागेल.

किल्लेदार: भाषणाचा रूल लय भारी! त्यात साय पण घाल, लाव्हा वरून थंड होऊन काळी साय धरतो, तिच्यावरून पळताना दर टर्नला पिशवीतली एक वस्तू फेकायची नाहीतर पाय आत. खजिन्यावरून जी भांडणं होतील तीच खरी मजा. नकाशाला अजिंक्यतारा घे, तो डोंगर साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच आहे.

कंदीपेढा: दोन्ही रूल घेतले, अजिंक्यतारा तर पाहिजेच