शब्दचर्चा : क्षत्रप

बोरूबहाद्दर
निवडणुका जवळ आल्या की 'प्रादेशिक क्षत्रप' वर्तमानपत्रांत रोज भेटतात. इतिहासाच्या पुस्तकात पश्चिम भारतातला शक राजा नहपान 'क्षत्रप' आणि इराणच्या प्रकरणात मात्र 'सत्रप'. हे दोन्ही एकच का? शब्द संस्कृत 'क्षत्र'वरून आला की बाहेरून? आणि 'छत्रपती' हे त्याचंच रूप, असा एक निरोप सध्या फिरतोय, त्याबद्दलही कुणीतरी सांगा.

लेणीवाचक
शेवटचं आधी. 'छत्रपती' म्हणजे छत्र + पती. 'छत्र' हा 'छद्' म्हणजे झाकणे या धातूवरून आलेला शब्द. क्षत्रपाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. गोंधळाचं मूळ मात्र खरं आहे. मथुरेच्या सिंहशीर्षावरचे (खांबाच्या सिंहाच्या माथ्यावरचे) लेख खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीत आहेत आणि तिथे रजुवुल या शक शासकाची पदवी 'महछत्रव' अशी कोरली आहे. वायव्येकडच्या प्राकृतात 'क्ष'चा 'छ' झाला, एवढंच. आपल्याकडे तोच शब्द 'खतप' होतो. जुन्नरच्या मानमोडी लेण्यांतल्या लेखात नहपानाचा अमात्य अयम आपल्या धन्याला 'महाखतप सामि नहपान' म्हणतो.

आता मूळ. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर पहिल्या दारयवहूने (इराणचा सम्राट डरायस) इ.स.पू. ५२०च्या सुमारास लेख कोरवला. त्यात दोन माणसांना हे पद लावलेलं आहे : बाख्त्रीचा (बॅक्ट्रिया, आजचा उत्तर अफगाणिस्तान) दादर्शी आणि कंदाहारकडच्या हरउवतीचा विवान. जुन्या फारसीतला शब्द साधारण 'ख्शस्सपावन'. ख्शस्स म्हणजे राज्य, पावन म्हणजे राखणारा. शेजारच्या मीड लोकांच्या इराणी बोलीत 'स्स'च्या जागी 'थ्र' होता. ग्रीकांनी उचललेलं 'सत्रापेस' आणि आपल्याकडे आलेलं 'क्षत्रप', दोन्ही या दुसऱ्या वळणाची आहेत.

संस्कृत क्षत्र आणि इराणी ख्शथ्र ही सख्खी भावंडं आहेत, आणि भूप, नृप यांतला 'प' म्हणजेच तिकडचा 'पा'. त्यामुळे पाहुणा शब्द आपल्या घरात इतका चपखल बसला की घरचाच वाटतो. पण अधिकारपद म्हणून तो आपल्याकडे रुजला शकांबरोबर. सुटा विग्रह करून 'क्षत्रियांचं पालन करणारा' असा अर्थ काढतात, तो ओढूनताणून काढलेला आहे.

जाता जाता : त्याच ख्शथ्रचं पुढे फारसीत 'शहर' झालं. आधी अर्थ राज्य, मग नगर. तेव्हा 'शहर' हा शब्द 'क्षत्र'चा चुलतभाऊ लागतो.

टांकसाळ
अर्थ कसा सरकला ते नाण्यांवर चांगलं दिसतं. इराणात क्षत्रप हा सम्राटाने नेमलेला माणूस. हिरोडोटसने अशा २० प्रांतांची यादी दिली आहे. त्यातला विसावा हिंदचा, आणि त्याच्यावर ३६० टॅलेंट (हे एक जुनं वजन) सुवर्णकणांचा कर. भारतात ही पदवी घेणाऱ्या शकांच्या डोक्यावर असा सम्राट पुढेपुढे उरलाच नाही. पदवी राहिली, नेमणारा गेला.

नाशिकच्या लेखांत उषवदात सासऱ्याला 'राजा क्षहरात क्षत्रप नहपान' म्हणतो. राजाही आणि क्षत्रपही! नहपानाच्या स्वतःच्या चांदीच्या नाण्यांवर तर 'क्षत्रप' हा शब्दच नाही, 'राञो क्षहरातस नहपानस' एवढंच. त्याच्या आधीच्या भूमकाच्या नाण्यांवर मात्र 'क्षहरातस क्षत्रपस' आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभीला तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. ते ढीगभर पाहिले तरी नहपानाची ही पदवी तुम्हाला सापडणार नाही.

नंतरच्या कार्दमक या दुसऱ्या क्षत्रप घराण्यात (रुद्रदामन याच घराण्यातला) पद्धत ठरून गेली : वडील महाक्षत्रप, वारस क्षत्रप, आणि दोघेही आपापली नाणी पाडणार. इथे नवशिका हमखास फसतो. लेखात आधी बापाची पदवी आणि नाव येतं, मग नाणं पाडणाऱ्याचं : 'राज्ञो महाक्षत्रपस रुद्रदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस'. पहिलीच पदवी वाचून थांबलात की क्षत्रपाचा महाक्षत्रप होतो. 'पुत्रस' शोधा आणि त्याच्या पुढचं वाचा. छाप्यापेक्षा चकती लहान असायची, त्यामुळे अक्षरांच्या डोक्यावरच्या मात्रा आणि वेलांट्या बऱ्याचदा बाहेरच पडतात. तेवढ्यावरून नाव ठरवू नका.

राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष असतं, त्यात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन मिळतो. नहपानाच्या काळातल्या ४१ ते ४६ या वर्षांना हा हिशेब डोळे मिटून लावू नये. ती नाण्यांवर नाहीत, लेण्यांतल्या लेखांत आहेत, आणि कोणत्या गणनेतली यावर अभ्यासकांत एकमत नाही.

बोरूबहाद्दर
म्हणजे आपल्या ताकदीवर उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याला 'क्षत्रप' म्हणणं चूक की बरोबर?

लेणीवाचक
इराणी अर्थाने चूक, पश्चिम भारतातल्या अर्थाने बरोबर. रुद्रदामनचा जुनागढचा लेख पाहा. शक वर्ष ७२, म्हणजे इ.स. १५०. त्यात तो 'स्वयमधिगत-महाक्षत्रप-नामा' आहे, महाक्षत्रप ही पदवी स्वतः मिळवलेला. नेमून दिलेल्या पदाबद्दल असं कोणी बोलत नाही. याच लेखात सुदर्शन तलावाचा पूर्वेतिहास येतो, तेव्हा चंद्रगुप्त मौर्याच्या प्रांताधिकाऱ्याला 'राष्ट्रिय' म्हटलं आहे, क्षत्रप नाही. खरा नेमलेला अधिकारी तो.

माझी तक्रार वेगळी आहे. 'क्षत्रप' हा शब्द 'मस्तवाल' किंवा 'बंडखोर' अशा अर्थाने वापरतात, ते नको. दिल्लीला न जुमानणारा एवढाच अर्थ हवा असेल तर 'सुभेदार' तरी कशाला नाकारायचा? अठराव्या शतकातल्या सुभेदारांनीही तेच केलं.

टांकसाळ
'शक', 'क्षहरात' आणि 'पश्चिमी क्षत्रप' हे एकमेकांच्या जागी वापरणंही टाळावं. क्षहरात हे भूमक आणि नहपान यांचं कुळ. 'खखरात वंश निरवशेष केला' असं गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा नाशिकचा लेख सांगतो, ते याच कुळाबद्दल. चष्टन आणि रुद्रदामन कार्दमक, ते टिकले. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी आहे. म्हणजे सातवाहनांनी एका घराण्याचा निकाल लावला आणि दुसऱ्याशी सोयरीक केली. दोघांनाही नुसतं 'शक क्षत्रप' म्हटलं की हे सगळं पुसलं जातं.

बोरूबहाद्दर
आणि अनुवादात काय लिहू? सत्रप की क्षत्रप?

लेणीवाचक
क्षत्रप. 'सत्रप' ग्रीकांच्या तोंडातून युरोप फिरून आपल्याकडे आलेलं रूप आहे, इराणच्या मजकुरात ते वापरायचं काही कारण नाही. पहिल्या उल्लेखाला 'अकेमेनिड (दारयवहूचं घराणं) क्षत्रप' लिहा, म्हणजे वाचक जुन्नरला जाणार नाही. प्रांतासाठी 'क्षत्रपी' हा घडवलेला शब्द चालतो, पण मजकुरात 'क्षत्रपीने', 'क्षत्रपींचा' अशी रूपं आली की वाचक अडखळतो. तिथे सरळ 'प्रांत' लिहावं.