भावाच्या स्किझोफ्रेनियाला घरचं वातावरण जबाबदार असतं का? (मदत हवी आहे)

रानजाई

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे म्हणून वेगळ्या आयडीने लिहितेय, समजून घ्या.

धाकट्या भावाला (वय २३) दिवाळीनंतर स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आधी कॉलेज बंद, मग आंघोळ बंद, मग रूममेट डब्यात काहीतरी कालवतात म्हणून जेवण बंद. आता साताऱ्याला घरी आहे. गोळ्या सुरू आहेत, झोप लागते, कानात ऐकू येणारे आवाज कमी झालेत असं स्वतःच सांगतो. स्विचबोर्डाच्या भोकांत मात्र अजून कागदाचे बोळे कोंबलेले असतात. आईला इस्त्री लावायची असली की ती ते हळूच काढते आणि काम झालं की परत तसेच बसवून ठेवते.

मागच्या व्हिजिटला डॉक्टर म्हणाले, "घरात ताण कमी ठेवा, त्याला फार टोकू नका." बाहेर पेशंटांची रांग, त्यामुळे तेवढंच. गाडीत बसल्याबसल्या बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे झालं." बाबा कडक आहेत. मार्क कमी पडले की पट्टी आणि मग चार दिवस अबोला, हे आम्हा दोघांनाही होतं. त्यापलीकडे काही नाही. आत्याचं म्हणणं उलट, वहिनीने लाडावून ठेवला म्हणून बाहेर टिकला नाही. म्हणजे एकाच पोराला धाकही जास्त आणि लाडही जास्त! वर लग्न करून द्या, सरळ होईल, हेही तिचंच. आता बाबा त्याच्याशी बोलतच नाहीत, आणि आई बाथरूमच्या दाराबाहेरसुद्धा उभी असते.

वाढवण्यामुळे हा आजार होतो का? होत नसेल तर डॉक्टर घरच्या ताणाचं का बोलले? आणि बाबांना कसं समजावू? गंडेदोरे सुचवू नयेत, आजीचे करून झालेत.

सुतारपक्षी

मामाला होता हा आजार, लहानपणापासून पाहिलंय. लग्नाचा सल्ला अजिबात मनावर घेऊ नका. आमच्याकडे केलं होतं. लग्नाच्या धावपळीत गोळ्या चुकल्या, महिन्याभरात पुन्हा ॲडमिट. मामीचे हाल झाले ते वेगळेच.

आडवाट

मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे. उपचारांचं डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त तुमच्या प्रश्नापुरतं लिहिते.

बाबांना जे वाटतंय ते एके काळी डॉक्टरांनाही वाटायचं. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी या आजाराचा दोष आईच्या वागण्यावर ठेवला. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी बोलण्यावर बोट ठेवलं. पुढे दोन्ही कल्पना पुराव्यावर टिकल्या नाहीत, पण कितीतरी आयांनी ते ओझं जन्मभर वाहिलं.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. शंभरात साधारण एकाला होणारा हा आजार, आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये शंभरात दहाच्या आसपास दिसतो. एकसारख्या जुळ्यांत मात्र एकाला असला तरी दुसऱ्याला निम्म्या वेळाही होत नाही, म्हणजे सगळं रक्तातच नाही. बाळंतपणातली गुंतागुंत, कोवळ्या वयातला गांजा, लहानपणीचे गंभीर अत्याचार यांनी धोका वाढतो. फिनलंडमध्ये पेक्का तिएनारी यांनी दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. जन्मदात्या आईला हा आजार होता अशी मुलं बिघडलेल्या घरात वाढली तर जास्त आजारी पडली, नीट घरात बरीच सावरली. तो धोका नसलेल्या मुलांवर तशाच घराचा फारसा परिणाम दिसला नाही. तुम्ही लिहिलंय त्या कडकपणाने एकट्याने हा आजार होत नाही. (पट्टीची बाजू घेत नाहीये हं.)

आता डॉक्टरांचं वाक्य. ते आजार का झाला याबद्दल नव्हतं, तो उलटू नये याबद्दल होतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या लक्षात आलं की दवाखान्यातून सुटून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले पेशंट, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. सतत टीका, राग आणि अति काळजी या तीन गोष्टी जिथे जास्त, तिथे आजार लवकर उलटतो. चंडीगडला हेच तपासलं तेव्हा अशी घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली. आपल्याकडे माणसं सांभाळून घेतात, तुमची आई ते बोळे परत बसवते तसं.

बाथरूमबाहेरचा पहारा मात्र त्या तिसऱ्या खान्यात जातो. जीव द्यायचं कधी बोलला असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा आणि ते म्हणतील तितकं लक्ष ठेवा. नसेल तर आईला रोज थोडा वेळ घराबाहेर पाठवा, भजनी मंडळ, मंडई, काहीही. बाबांना म्हणावं, रोज एक साधं वाक्य बोला, "चहा घेणार का" एवढंही पुरे. पुढच्या वेळी ओपीडीत समाजसेवकांची वेळ मागा, बाबांना हे त्यांच्या तोंडून ऐकू दे. १४४१६ ही टेलिमानसची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे, घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

रानजाई

खूप आभार. गांजाचं वाचून पोटात गोळा आला. हॉस्टेलवर ओढायचा, त्याने मला सांगितलंय. बाबांना सांगितलं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, पण मग सगळं त्याच्यावर जाईल.

आडवाट

डॉक्टरांना आधी सांगा, उपचारांसाठी ते कळायलाच हवं. बाबांना सांगायचं की नाही हे भावाला विचारून ठरवा. आणि गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, तेव्हा "त्याच्यामुळे झालं" हेही तितकंच अर्धवट.