1 टीबीच्या डिस्कमध्ये 931 जीबीच का दिसतात?

हळद_गोदाम: सांगली मार्केट यार्डातल्या गोदामाला चार कॅमेरे बसवायचेत. डीव्हीआरसाठी, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यासाठी, 1 टीबीची नवी हार्ड डिस्क घेतली, विंडोजला लावली तर 931 जीबी! 69 जीबी गेले कुठं? आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठणारा डेटा, 2048 केबीपीएस (किलोबिट दर सेकंदाला) ठेवला तर 30 दिवसांचं रेकॉर्डिंग राहील का?

कृष्णाकाठ: कुठं गेले नाहीत. कंपनी 1 टीबी म्हणजे 1,000,000,000,000 बाइट मोजते. विंडोज त्याला 1024 ने तीनदा भागतं, 931.3 येतात, आणि पुढं खुशाल 'जीबी' लिहितं. त्या आकड्याचं नाव खरं तर गिबीबाइट. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं 1998 मध्ये ठरवलेलं, पण विंडोजनं ते घेतलंच नाही. मॅकवर हीच डिस्क 1 टीबी दिसेल. खात्री हवी तर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कपॅसिटीसमोरचे बाइट बघा, एकावर बारा शून्यांच्या आसपास असायला हवेत. मात्र एकदा डीव्हीआरनं फॉरमॅट केली की विंडोजला ती सहसा वाचता येत नाही. 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर कॅन्सलच दाबा.

वायरमन_मिरज: 30 दिवस विसरा, दादा. केबीपीएसमधला 'बी' बिटचा, बाइटचा नव्हे. 8 बिटांचा एक बाइट, म्हणून 2048 ला 8 नं भागा: सेकंदाला 256 किलोबाइट. गुणिले 86,400 सेकंद, म्हणजे एका कॅमेऱ्याला दिवसाला 22.1 जीबी, चारांना 88.5. 1 टीबी सव्वाअकरा दिवसांत भरते, मग जुनं पुसून त्यावर नवं चढतं. महिन्याला 2,654 जीबी लागतात, म्हणजे 3 टीबी. मिळाली नाही तर 4. आणि 931 ला 88.5 नं भागू नका. एक आकडा 1024 चा, दुसरा 1000 चा. उत्तर साडेदहा येतं, ते चूक.

जुना_फ्लॉपीवाला: घोळ जुनाच आहे. 1.44 एमबीची फ्लॉपी 1,474,560 बाइटची, म्हणजे 1440 गुणिले 1024. धड हजाराचा हिशोब नाही, धड 1024 चा नाही.

हळद_गोदाम: एच.265 केलं तर 1 टीबीत भागेल का?

वायरमन_मिरज: एच.265 हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून कमी जागेत बसवायची पद्धत. नुसतं कोडेक बदलून काही होत नाही. बिटरेट ठरावीक 2048 च ठेवलात तर जागा तेवढीच जाते, चित्र तेवढं सुधारतं. एच.265 करून बिटरेट 1024 वर आणा, साडेबावीस दिवस मिळतील. उरलेल्यासाठी रात्री मोशन रेकॉर्डिंग (हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग) लावा, पण लेन्ससमोरची कोळ्याची जाळी आधी काढा. इन्फ्रारेडच्या उजेडात ती हलली की डीव्हीआरला मोशनच वाटतं आणि रात्रभर रेकॉर्डिंग चालू राहतं.