क्रूड घातले की फेस बसतो. सर्फॅक्टंटची मात्रा वाढवू का?

तेलकट: तेलसाठ्यात सोडायच्या नायट्रोजन-फेसाची चाचणी चालू आहे. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, फेस आणणारा साबणासारखा पदार्थ म्हणजे सर्फॅक्टंट) ०.५%, मीठ ३%, कॅल्शियम क्लोराइड ०.२%, २५ अंश सेल्सिअस. सिलिंडरमधला फेस निम्मा व्हायला ४० मिनिटे लागतात. ५% हलके क्रूड घातले की ३ मिनिटांत खाली. द्रावण जरा गढूळही दिसते. मात्रा १% करू का? साठा ८० अंशांचा, वालुकाश्म. पुढे कार्बन डायऑक्साइड वापरायचा आहे.

साका: गढूळपणा कॅल्शियम डोडेसिल सल्फेटचा आहे, एसडीएस आणि कॅल्शियमचा न विरघळणारा साका. पण मात्रेचा घोळ सोडा, ८० अंशांवर एसडीएस टिकतच नाही. सल्फेटचा बंध पाण्याने तुटतो, आम्ल सुटते आणि तेच पुढची मोडतोड वाढवते. (तुटताना निघणारे थोडेसे डोडेकॅनॉल फेस उलट टिकाऊ करते, त्यामुळे जुन्या द्रावणाचे आकडे फसवे!) सी१४-१६ एओएस (अल्फा ओलेफिन सल्फोनेट, १४ ते १६ कार्बनच्या साखळीचा सर्फॅक्टंट) घ्या. सल्फोनेटमध्ये कार्बन थेट गंधकाला जोडलेला असतो, तो असा सुटत नाही. नॉर्वेच्या स्नोरे क्षेत्रात फेसासाठी एओएसच वापरले होते.

पापुद्रा: एओएसलाही हलके क्रूड त्रास देणारच. तीन पृष्ठताण मोजा. समजा पाणी-वायू ३२, तेल-पाणी ३, तेल-वायू २५ मिलिन्यूटन प्रति मीटर आले. तेल शिरण्याचा गुणांक ३२+३−२५=१०, पसरण्याचा ३२−३−२५=४. दोन्ही धन, म्हणजे तेलाचा थेंब बुडबुड्यांमधल्या पाण्याच्या पडद्यात शिरून पसरू शकतो. ‘शकतो’च, कारण थेंब आणि वायू यांच्यामधला पाण्याचा पापुद्रा तगला तर आत शिरकाव नाही. त्यासाठी बेटेन (धन-ऋण दोन्ही भार असलेला सर्फॅक्टंट) मिसळून बघा: एकूण ०.५% कायम ठेवून एओएस-बेटेन ४:१, १:१, १:४. वालुकाश्मावर बेटेन जास्त चिकटते, म्हणून जमेल तितके कमी.

तेलकट: आणि कार्बन डायऑक्साइड?

कोअरवाला: साध्या दाबाला, २५ अंशांना तो पाण्यात नायट्रोजनच्या सुमारे ५० पट विरघळतो. लहान बुडबुड्यातला वायू पडद्यातून मोठ्यात जातो आणि फेस लवकर भरड होतो. द्रावण आधी त्याच वायूने संपृक्त करून घ्या.

सिलिंडरची चाचणी फक्त वाईट नमुने गाळायला. खडकाच्या छिद्रांत पडदे तुटतात तसे नवे तयारही होतात, ते तिथे दिसत नाही. आधी तेलाशिवायच्या कोअरमध्ये (खडकाच्या दंडगोल नमुन्यात) एकूण प्रवाह स्थिर ठेवून वायूचा वाटा ५०% पासून ९५% पर्यंत चढवा. दाबातला फरक ज्या टक्क्याला शिखर गाठून घसरतो, त्यापुढे पडदे कोरडे पडून फुटताहेत. मग उरलेल्या तेलासह तेच पुन्हा. त्याआधी सर्फॅक्टंट-द्रावणाने कोअर पुरता भिजवा, नाहीतर सुरुवातीचा सर्फॅक्टंट खडकच शोषून घेतो. बॅक प्रेशर रेग्युलेटर (बाहेरच्या टोकाला दाब धरून ठेवणारी झडप) विसरू नका. तो नसला तर बाहेरच्या टोकाला वायू फुगतो आणि तुम्ही ७०% समजता तिथे ९०% असते.