कुडाळ तालुक्यात गावठी, बिनखताचं आणि पिकवणाऱ्यालाही नीट पैसे मिळतील असं खाणं कुठे मिळेल?

नव्याने_गावात:

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही पुण्याहून कुडाळ तालुक्यात राहायला आलो, सासूबाईंच्या माहेरचं जुनं घर आहे, नवरा घरून काम करतो आणि मुलगी चार वर्षांची. निघताना मनात एकच होतं की आता गावात चाललोय म्हणजे ताजी भाजी, आपल्या मातीतला तांदूळ, खरी अंडी, सगळं हाताशी. आणि पहिल्याच बुधवारी बाजारात गेले तर कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, ढोबळी, गवार सगळं बेळगावचं, पहाटे आंबोली घाट उतरून टेम्पो येतात म्हणे. पुण्यात तरी आमच्याकडे दर रविवारी एक शेतकरी गट यायचा, त्यांच्याकडून नाव-गाव विचारून घेता यायचं. इथे शेताच्या मधोमध राहून पिशवीत परगावची भाजी, हे मला खरंच पटत नाहीये.

एका दुकानातून "ऑरगॅनिक" छापलेला लाल तांदूळ १४० रुपये किलोने आणला, घरी येऊन पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर पॅकिंग दुसऱ्याच राज्यातलं आणि शिक्का कसलाच नाही. फार वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त म्हणजे घरासमोर भात डोलतंय आणि मी हे काय आणलं म्हणून.

शेजारच्या काकी रोज काहीतरी वाटीतून देतात, कधी टाकळा, कधी दोन तवशी (काकड्या), पण पैसे घेत नाहीत, आणि "विकत द्या" म्हणायला मला अवघड वाटतं. तर जाणकारांनी सांगा, कुठे शोधायचं, बिनखताचं आहे हे ओळखायचं कसं, आणि भाव काय द्यावा की त्यांचं नुकसान होऊ नये. चहा, कॉफी, गूळ, काजू यांचंही सांगा, पुण्यात मी फेअर ट्रेडचा, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव देणारा, शिक्का बघून कॉफी घ्यायचे.

परड्यातली_लाल_भाजी:

ताई, आधी एक सांगते, आमच्याकडची भाजी स्टॉलवर नसतेच. ती परड्यात असते. घराच्या मागे चार गुंठ्यांत काकी-आजी लोक जे लावतात ते आधी घरात खातात, मग शेजारी वाटतात आणि उरलं तर बाजारात. म्हणून ते कधीच ढिगाने दिसत नाही. बाजारात मधल्या रांगेत फिरू नका, कडेला जा, जिथे बायका गोणपाट अंथरून जमिनीवर बसतात, पुढ्यात चार वाटे मिरचीचे, दोन जुड्या, एखादं पडवळ, पाच-सहा अंडी भुश्यात ठेवलेली. तीच तुमची माणसं. आणि सकाळी आठच्या आत जा, दहापर्यंत त्या एसटी पकडून घरी गेलेल्या असतात.

दुसरं म्हणजे महिना बघून मागा. आत्ता पावसात तुम्ही टोमॅटो शोधलात तर तो घाटावरचाच मिळणार. पहिल्या पावसाला टाकळा, कुरडू, फोडशी, मग अळू, श्रावणात भेंडी, दोडकी, पडवळ, तवशी, चिबूड. गोकुळाष्टमीला आमच्याकडे घराघरात शेगलाची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार असतं, त्याच्या आदल्या दिवशी शेवग्याचा पाला ढिगाने येतो. गणपतीच्या आधी माटवीचं सामान (गणपतीवर टांगायची फळं-पानं) घ्यायला बाजार भरतो ना, तो एकदा निवांत फिरून बघा, अख्ख्या तालुक्यात काय काय पिकतं ते एका जागी दिसतं. भातकापणी झाली की मग लाल भाजी, मुळा, वाल, चवळी, वांगी. थंडीत कणगर, करांदे, सुरण हे कंद. कुळीथ भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर पेरतात, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हाच वर्षाचा भरायचा. मे महिन्यात आमसुलं आणि आगळ (कोकमाचा रस), तेही पाऊस पडायच्या आत, कारण एकदा पाऊस लागला की रातांबे (कोकमाची फळं) सुकत नाहीत, झाडाखाली कुजतात, दरवर्षी बघून जीव तुटतो.

काकींचं म्हणाल तर वाटी रिकामी परत करू नका एवढंच. तुम्ही केलेलं काहीतरी घालून द्या. आणि रोजच्या भाजीचे पैसे त्या घेणार नाहीतच, पण वर्षाच्या वस्तूचे घेतात, त्यात कोणाला वाईट वाटत नाही. "काकी, यंदा दोन पायल्या कुळीथ आमच्यासाठी ठेवा, बाजारात जो भाव असेल तो देईन" असं म्हणून बघा. त्या पुढच्या वर्षी एक ओळ जास्त पेरतील.

खळ्यावरून:

मी भात करतो, दीड एकर, त्यातलं थोडं वायंगण (उन्हाळी भात). ताईंनी वर सगळं बरोबर लिहिलंय पण एक गोष्ट राहिली. गावठी म्हणजे बिनखताचं असं समजू नका. परड्यात शेण आणि राख जाते हे खरं, पण शेतातल्या भाताला आमच्याकडे बहुतेक जण युरिया मारतात, मीही सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत मारत होतो, काजूच्या बागेत तणनाशकाचा वापर पण वाढलाय. त्यामुळे "ऑरगॅनिक आहे का" असं विचारलंत की समोरचा हो म्हणणार, त्याला तुम्हाला फसवायचं नसतं, त्याला तो शब्दच भाजीच्या ताजेपणासारखा वाटतो. त्यापेक्षा असं विचारा, युरिया किती गोणी लागला, तण कसं काढलंत, शेणखत घरचं की विकतचं, बियाणं घरचं का. जो करतो तो या प्रश्नांवर थांबत नाही, बोलतच सुटतो.

शिक्क्यांचं सांगतो. इंडिया ऑरगॅनिक हा शिक्का तिसऱ्या संस्थेकडून तपासणी करून मिळतो, त्यासाठी जमीन वार्षिक पिकांना दोन वर्षं आणि बागेला तीन वर्षं रसायनाशिवाय काढावी लागते. लहान शेतकऱ्यांसाठी पीजीएस-इंडिया आहे, त्यात गावातलेच किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात, बदलाच्या काळात पीजीएस-ग्रीन आणि पुढे पीजीएस-ऑरगॅनिक मिळतं. पाकिटावर सेंद्रियचा सरकारी लोगो असतो, तुमच्या त्या १४० रुपयांच्या तांदळावर तो असायला हवा होता. पण हेही लक्षात घ्या की वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असलेला शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणजे माझ्यासारख्याकडे कागद नसला तर तो खोटा असं नाही. तुम्ही शेतावर या. लावणीच्या वेळी या, कापणीच्या वेळी या. तळ्यात, बांधावर काय जिवंत आहे ते बघा, खेकडे, बेडूक, गांडुळं. आमच्या कोपऱ्यात फवारणी बंद झाल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात बांधाला खेकड्यांची बिळं परत दिसली, तो दिवस मला अजून आठवतो.

भावाचं. मी उकडा तांदूळ घरून ७० रुपयांनी देतो. भात भिजवायचं, उकडायचं, खळ्यावर सुकवायचं, गिरणीत न्यायचं, आणि शंभर किलो भातातून हातात पडतात साधारण पासष्ट किलो. लावणीची माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी त्यांना परवडेल अशी द्यायलाच लागते. दुकानात उकडा पन्नासला मिळतो, पण तो कुठल्या कुठून आलेला असतो. मला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देणारं नको आहे, दरवर्षी येणारं हवं आहे. मृगाच्या आधी कोणी सांगितलं की आमचे ऐंशी किलो धरा, तर मी त्या हिशोबाने वालयचं, म्हणजे आमच्या जुन्या गावठी भाताचं, बी टाकतो. नाहीतर काय होतं, जास्त उत्पन्न देणारं संकरित टाकावं लागतं आणि वालय पडून राहतं.

बोंडू_आणि_बी:

काजूबद्दल मी लिहिते, आमचं घरगुती युनिट आहे, सहा बायका आहोत. ताई, काजूगर घेताना एक साधा हिशोब करा. साधारण चार किलो बी फोडली की एक किलो गर मिळतो. समजा बागायतदाराला बीचे १२० रुपये दिले, तर ४८० नुसती बीच झाली. त्यावर भाजणं किंवा वाफवणं, फोडणं, सुकवणं, साल काढणं, निवडणं. मग कोणी अख्खा पांढरा गर साडेपाचशेला देत असेल तर कोणाचे तरी पैसे कापलेत, एक तर बागायतदाराचे नाहीतर फोडणारीचे. फोडताना टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी काळी पडून सोलते, आम्ही हाताला राख आणि गोडेतेल चोळून बसतो. मी पूर्वी एका मोठ्या कारखान्यात जायचे तिथे हातमोजे मागितले तर दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको सांगितलं. फेअर ट्रेड हा शब्द मला इथे लिहिणाऱ्यांकडून कळला पण मला त्याचा अर्थ हाच वाटतो, हातमोजे आणि वेळेवर रोज.

इकडे विकलेला काजू इकडचाच असतो असंही नाही. आफ्रिकेतल्या देशांतून बी आयात होते आणि इथे फोडली जाते. वेंगुर्ला काजूला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, पण सुट्या गरावर ते कुठे दिसणार. आमची बी मार्च ते मे येते, त्यामुळे एप्रिलनंतर घरगुती युनिटवर जाऊन डोळ्यांसमोर फोडलेला घ्या. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर, एवढाच त्याचा अर्थ, चवीशी संबंध नाही. घरात उसळीला, लाडवाला पाकळी आणि तुकडा घ्या, स्वस्त पडतो आणि आमचाही माल अडकत नाही. ओल्या काजूची उसळ खायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात त्याच गोणपाटावरच्या बायकांकडे मिळेल, भाव जास्त वाटेल पण ओली बी कापून सोलायला काय लागतं ते एकदा घरी करून बघा, मग घासाघीस होणार नाही तुमच्याकडून.

गुऱ्हाळावरचा:

मी राधानगरीकडचा, गुळाचं सांगतो. पिवळाधमक गूळ बघून भुलू नका, रंगासाठी हायड्रॉस नावाचं रसायन घालतात. बिनरसायनाचा गूळ तांबूस-काळसर असतो, मळी काढायला रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरतात. कोल्हापूरच्या गुळाला जीआय आहे पण त्यातही दोन्ही प्रकार आले. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत गुऱ्हाळं चालतात, फोंडा घाट चढून या, उसाचा मळा कोणाचा, काहिलीत काय टाकलं हे समोर बघून एक-एक किलोचे रवे (ढेपा) घेऊन जा. मोठा रवा घेऊ नका, तुमच्याकडच्या पावसात असला गूळ पाझरतो, काचेच्या बरणीत ठेवा.

कॉफी तुमच्या तालुक्यातली नाहीच म्हटल्यावर शिक्का बघून घेणं बरोबरच आहे. फेअरट्रेडमध्ये बाजार पडला तरी एक किमान भाव ठरलेला असतो आणि वर प्रीमियमची वेगळी रक्कम गटाकडे जाते, शाळा, रस्ता, यंत्र काय घ्यायचं ते शेतकरीच ठरवतात. आंध्रातल्या अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी आता ऑनलाइन सहज मिळते. केरळात फेअर ट्रेड अलायन्स केरळ म्हणून शेतकऱ्यांची संघटना आहे, कॉफी, नारळ आणि काजूही परदेशात पाठवतात. बोंडू ताई, तुमच्या सहा जणींनी त्यांचं काम एकदा समजून घ्या असं मनापासून वाटतं.

आंबोली_मार्गे:

थोडं वेगळं मत. बेळगावची भाजी विकणारी पण आपलीच माणसं आहेत आणि पिकवणारा खानापूरचा शेतकरीही लहानच. कांदे-बटाटे-कोबी तिकडचं घ्या, वाईट वाटून घेऊ नका. फक्त जे इथे पिकतं, तांदूळ, कुळीथ, नाचणी, नारळ, कोकम, परड्यातली पालेभाजी, ते बाहेरचं घेऊ नका. आणि अंड्याचं साल तपकिरी म्हणजे गावठी असं नसतं, ते कोंबडीच्या जातीवर असतं. कोंबड्या फिरताना दिसल्या पाहिजेत.

आंब्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते, हापूस पूर्ण बिनफवारणीचा काढणं फार कठीण आहे, तुडतुडे आणि भुरीमुळे मोहोरच हातचा जातो. घरापुरता रायवळ घ्या, त्याला कोणी औषध मारत नाही.

नव्याने_गावात:

सगळ्यांचे किती आभार मानू. काल बुधवारी साडेसातलाच गेले, कडेने गेले. एक आजी बसल्या होत्या, पुढ्यात अळूच्या चार जुड्या, मूठभर हिरव्या मिरच्या आणि दोन पडवळं. काय घातलंत म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "खत काय घालूक नाय, नुसता शेण आणि राख." आणि मग दहा मिनिटं त्या अळूबद्दलच बोलत होत्या, कुठल्या न्हाणीच्या पाण्यावर वाढतं, कुठलं खाजतं, कुठलं वडीला चांगलं. शेवटी म्हणाल्या, "सगळा घे गो बाय, म्हंजे मी घराक जातंय." ऐंशी रुपये झाले, शंभर दिले तर वीस परत करून वर दोन लिंबं टाकली पिशवीत. पुढच्या बुधवारी माझ्यासाठी अंडी बाजूला ठेवणार आहेत.

काकींकडे आंबोळ्या घालून वाटी दिली आणि कुळथाचं बोलले. त्या हसल्या आणि दोन नाही, तीन पायल्या धर म्हणाल्या, नाचणी पण हवी का विचारलं.

खळ्यावरून दादा, आमचं वर्षाला साठ किलो उकडा लागेल असा अंदाज आहे, मुलगी पेज खायला लागलीये. यंदाची पेरणी तर झाली असेल, पण यातलं काही मिळेल का, आणि कापणीला आम्ही तिघंही येऊ शकतो का? विळा धरता येत नाही पण पेंढ्या उचलायला येऊ. आणि तांदूळ ठेवायला पत्र्याची कणगी कुडाळात कोणी करून देतं का, इथल्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या डब्यात टोके झाले आहेत.