प्रवाळ टाकीत मासे आणि प्रवाळ किती ठेवावेत?

खारेपाणी यांचा प्रश्न:
माझी खाऱ्या पाण्याची टाकी ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच, म्हणजे हिशेबाने सुमारे २०० लिटरची आहे. ती सुरू होऊन सहा महिने झाले असून अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत, तर नायट्रेट (माशांची घाण व उरलेले खाद्य कुजून शेवटी पाण्यात साचणारे द्रव्य) १० पीपीएमच्या (दशलक्षात दहा भागांच्या) आसपास राहते. सध्या तीत क्लाउनफिशची जोडी आणि झोअँथस या मऊ प्रवाळाच्या काही वसाहती आहेत. एक ब्ल्यू टँग व सहा ग्रीन क्रोमिस हे मासे आणि टॉर्च, हॅमर व अ‍ॅक्रोपोरा हे प्रवाळ आणण्याचा विचार आहे. गोड्या पाण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या ‘गॅलनला (सुमारे ३.८ लिटरला) एक इंच मासा’ या नियमाने हे सर्व आरामात बसते. तो नियम इथे लागू होतो का, आणि होत नसल्यास आकडा ठरवायचा कसा?

भरतीओहोटी यांचे उत्तर:
तो नियम गोड्या पाण्यातही फारसा भरवशाचा नाही. मासा लांबीने दुप्पट झाला की त्याचे वजन साधारण आठपट होते, आणि पाण्यावर भार पडतो तो वजनाचा व त्याला घातलेल्या खाद्याचा. शिवाय आपण हिशेब २०० लिटरचा केलात, परंतु खडक, वाळू आणि वरची रिकामी ठेवलेली जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी १६० ते १७० लिटरच उरेल.

ब्ल्यू टँगचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विकायला असतो तेव्हा तो बोटाएवढा दिसतो, पण पूर्ण वाढल्यावर ३० सेंमीपर्यंत जातो आणि दिवसभर पोहत असतो. ९० सेंमीच्या टाकीत त्याला आपल्याच लांबीच्या तिप्पट अंतर गेले की वळावे लागेल.

ऑक्सिजनकडेही सहसा दुर्लक्ष होते. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्याच्या मानाने समुद्राच्या पाण्यात तो सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो, आणि दिवे विझल्यावर मासे, प्रवाळ, शेवाळ आणि खडकातले जिवाणू असे सगळेच तो वापरू लागतात. त्यामुळे दिवे लागण्यापूर्वी पहाटे मासे पाहावेत. ते पृष्ठभागाशी जमून भराभर कल्ले हलवत असतील, तर नायट्रेट कितीही कमी असले तरी टाकी भरली आहे असे समजावे.

एका वेळी एकच मासा (किंवा एकच जोडी) आणावा आणि पुढचे तीन-चार आठवडे त्याच वारी नायट्रेट मोजावे. ते नव्या पातळीवर स्थिरावले तर अजून वाव आहे. दर आठवड्याला चढतच राहिले तर आहे ते मासेच जास्त आहेत.

प्रवाळमित्र यांचे उत्तर:
माशांबद्दलच्या वरील उत्तराशी मी सहमत आहे. प्रवाळांचा हिशेब मात्र वेगळा आहे, कारण त्यांच्यामुळे पाणी फारसे घाण होत नाही. त्यांना कमी पडते ती जागा आणि अल्कलिनिटी, म्हणजे दगडी प्रवाळ ज्यातून आपला सांगाडा बांधतात तो पाण्यातला कार्बोनेटचा साठा. दिवसा आटोपशीर दिसणारा टॉर्च रात्री लांब, पातळ, डंख करणारी शुंडके (तंतू) सोडतो आणि ती लागतील तिथले शेजारी पांढरे पडतात. त्याच्याभोवती निदान १५ सेंमी मोकळी जागा ठेवावी. हॅमर त्याच्या जवळच्या जातीचा दिसत असला, तरी दोघांना एकमेकांना लागून ठेवू नये. टॉर्च बहुधा हॅमरला डंख करून इजा करतो. खडकाचा निम्मा भाग आज रिकामा आणि काहीसा ओका दिसला तरी तो तसाच राहू द्यावा, कारण ती वाढीची जागा आहे.

अ‍ॅक्रोपोरा हा दगडी प्रवाळ आणण्यापूर्वी अल्कलिनिटीचा रोजचा खप मोजावा. सलग चार-पाच दिवस, पाणी न बदलता, रोज ठरलेल्या वेळी अल्कलिनिटी तपासली की रोजची घट कळते. समजा, टाकी ८ डीकेएचवर (हे अल्कलिनिटीचे एकक) आहे आणि आपण ११ डीकेएचच्या मिठाच्या पाण्याने १० टक्के पाणी बदललेत, तर ती ८.३ वरच येते. म्हणजे रोज ०.३ घट होत असेल, तर आठवड्याच्या पाणीबदलाची भर एका दिवसात संपते, आणि तिथून पुढचा प्रत्येक दगडी प्रवाळ डोसिंगच्या (कमी झालेली द्रव्ये रोज मोजून घालण्याच्या) व्यवस्थेशिवाय आणता येत नाही. डोसिंग करताना कॅल्शियमही पाहावे, अल्कलिनिटी २.८ डीकेएच खर्च होते तेव्हा कॅल्शियम साधारण २० पीपीएमने उतरते.

निळाशार यांचे उत्तर:
क्रोमिसबद्दल थोडे सांगतो. लहान टाकीत त्यांचा थवा सहसा टिकत नाही. वरचढ मासा दुबळ्याला टोचत राहतो आणि संख्या एकेकाने घटत जाते. त्याऐवजी एक रॉयल ग्रामा आणि एक फायरफिश चांगले जमतील. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण असणे आवश्यक आहे. शांत मासे आधी आणि हद्द सांगणारे नंतर आणावेत. आपली क्लाउनफिशची जोडी तिथे आधीच स्थिरावली असल्यामुळे नवा मासा सोडताना खडकांची थोडी फेरमांडणी केलेली बरी.

खारेपाणी:
सर्वांचे आभार. टँग आणि क्रोमिस वगळून आधी फायरफिश व काही आठवड्यांनी ग्रामा आणतो. टॉर्च एका टोकाला स्वतंत्र खडकावर ठेवतो आणि अ‍ॅक्रोपोरा तूर्त थांबवतो. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी या मोजणीत धरायच्या का?

भरतीओहोटी:
त्यांचा भार नगण्य असतो, मात्र त्यांचे अन्न मर्यादित असते. घाऊक संच आणला तर शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि मेलेल्या गोगलगायींमुळे अमोनिया वाढतो. पाच-सहांपासून सुरुवात करावी आणि काचेवर शेवाळाचा थर तसाच राहत असेल तरच आणखी आणाव्यात.